मागचा कार्बोरेटर

शनिवार, १५ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जमाल मुकादम यांनी पळसदरीतल्या एका गोठ्यात उभ्या असलेल्या फियाटच्या पुढच्या कार्बोरेटरचं झाकण उघडलं. आत डिंक निघाला.

डिंक म्हणजे पेट्रोलचाच. पेट्रोल वर्षानुवर्षं एका जागी पडून राहिलं की उडून जातं आणि तळाला फणसाच्या चिकासारखा तपकिरी, चिवट थर उरतो. चौदा वर्षं न हललेल्या गाडीत तो असणारच, असं कुणीही म्हणेल. जमालभाईंना तसं म्हणता येत नव्हतं. झाकणाखालची ही पेट्रोल साठण्याची वाटी कोरडी असायला हवी होती. ती कोरडी आहे असं धरून चालून त्यांनी चौदा वर्षांपूर्वी पोलिसांना जबाब दिला होता.

ते थोडा वेळ वाकून बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "एक राहू शकतो." आणि कामाला लागले.

गाडी नीलेश बडेकरची. बोनेट पुढं निमुळतं, म्हणून लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात, ती. खंडाळ्याच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून त्यानं ती घेतली होती. पारशाला तरुणपणी शर्यतींचा नाद होता, त्यापायी त्यानं इंजिनाला दुसरा कार्बोरेटर बसवून घेतला होता. कर्जतच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. तेव्हा नीलेश गाडी घेऊन खालापूरला जमालभाईंच्या गॅरेजवर आला. "दोन कार्बोरेटर म्हणजे दोन बायका रं बाबा," जमालभाई त्याला म्हणाले होते, "एक खूश झाली की दुसरी रुसते." मागच्या पडवीतून त्यांची बायको हलिमा ओरडली होती, "इथं एकीचीच बोंब, म्हणे दोन!" नीलेश इतका हसला होता की त्याला ठसका लागला.

लग्नाच्या वराती, शूटिंग, पुण्या-मुंबईच्या जोडप्यांचे फोटो, असं त्या गाडीवर त्याचं बरं चाललं होतं. पावसाळ्यात ती उभी असायची. जमालभाईंनी त्याला एक नियम शिकवला होता आणि तो त्यानं एकदाही चुकवला नाही. गाडी आठवड्याच्या वर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत शेजारी उभं राहायचं. मग वाट्या कोरड्या राहतात, डिंक धरत नाही. दर जूनमध्ये तो फोन करायचा, "चाचा, पाजून झोपवली बाई तुमची." उलटंच बोलायचा. पाजायचं कुठलं, उपाशी झोपवायची.

गुरुवार, ३ मार्च २०११ रोजी सकाळी त्यानं गाडी गोठ्यात लावली. आईला "येतो गं" म्हणाला आणि धरणाच्या कडेच्या वाटेनं चालत निघाला. आदल्या दिवशी बापाशी कडाक्याचं वाजलं होतं. भिवाजींचं म्हणणं, ते भंगार विक आणि शेताकडं बघ. दुपारपासून त्याचा फोन बंद लागायला लागला, तो लागलाच नाही. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. गाडीची चावी त्याच्या करगोट्याला असायची, ती त्याच्याबरोबरच गेली.

"जाताना काय म्हणाला?" असं पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याच्या आईनं, मोतीबाईंनी सांगितलं, "येतो म्हणाला." ते लिहून घेणाऱ्या हवालदारानं मान वर केली नाही. घरातून निघणारा कुणीही येतो असंच म्हणतो. सरणावर जायचं असलं तरी जातो म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, तोच हवालदार जमालभाईंना मोटरसायकलवर बसवून पळसदरीला घेऊन आला. गाडी तुमच्या हातची आहे, काही कळतंय का बघा. त्या वेळी पावणेएक वाजले होते आणि जमालभाईंना जुम्म्याची नमाज गाठायची होती. त्यांनी बोनेट उघडलं. कॉक बंद होता. त्यांनी बोनेट लावलं.

"पोरगा तयारीनं गेलाय, साहेब," ते म्हणाले. "लांबचा बेत आहे त्याचा."

कार्बोरेटरचं झाकण चार स्क्रूंचं असतं. उघडून, बघून, परत लावायला दहा मिनिटं लागतात.

जबाब लिहिला गेला. सज्ञान माणूस, घरात भांडण, गाडीची व्यवस्था करून गेलेला. रागानं निघून गेला, येईल. धरणात गळ टाकायला खोपोलीहून माणसं यायची होती, त्यांना नको म्हणून कळवलं. गावातली पोरं दोन दिवस ट्यूबवर बसून काठाकाठानं शोधत होती, तीही घरी गेली. जमालभाई मोटरसायकलवर बसत असताना मोतीबाई धावत आल्या आणि त्यांनी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात त्यांनी आयुष्यात त्या एकदाच धरला असेल.

"तयारीनं गेलाय म्हंजी जिता हाय ना?"

"असणारच, वहिनी."

त्या दोन शब्दांवर मोतीबाईंनी चौदा वर्षं काढली. भिवाजी २०१६ मध्ये गेले. दर दसऱ्याला मोतीबाई ताडपत्री बाजूला करून बोनेटला हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि ताडपत्री पुन्हा ओढायच्या. जुन्या माळा काढायच्या नाहीत. यंदा फेब्रुवारीत ताडपत्री काढली तेव्हा सुतळीचा आणि वाळक्या पाकळ्यांचा टोपलीभर चुरा खाली पडला.

गाडी आता काढायची वेळ आली ती गजामुळं. गजा म्हणजे नीलेशचा धाकटा भाऊ, वय छत्तीस. गोठ्याच्या जागी त्याला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधायच्या होत्या. जानेवारीत तो टेंपो आणि चार माणसं घेऊन आला, तर मोतीबाई गोठ्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. "उचलून नेत्यात ते मड्याला. ती चालत आलीय, चालतच भायेर जाईल." गजानं डोक्याला हात लावला आणि खालापूरला फोन केला. जमालभाईंचं गॅरेज बंद होऊन पाच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, वय एकाहत्तर. ते आले.

"म्हातारं झालात वो, जमालभाई," मोतीबाईंनी त्यांना बघताच म्हटलं.

"आणि तुम्ही काय कवळ्या राहिलात, वहिनी?"

"माजं सोडा. मला त्यो येईपर्यंत मरायला येळ नाय."

इंजिन जाम झालेलं नव्हतं. आदल्या शनिवारी प्लगच्या भोकांतून तेल सोडून ठेवलं होतं, त्यामुळं हँडल मारल्यावर ते कुरकुरत का होईना, फिरलं. टाकी गजानं उतरवून घासली होती. नवी बॅटरी, नवे पाइप आणले होते. राहिले होते ते कार्बोरेटर.

पुढचा डिंकानं भरलेला निघाला, तेव्हा जमालभाईंनी मनाला जे समजावलं ते खोटं नव्हतं. कॉक बंद करून इंजिन चालू ठेवलं तर दोन्ही वाट्या एकदम रिकाम्या होतात असं नाही. एक आधी संपते, इंजिन अडखळतं आणि दुसरीत थोडं पेट्रोल असतानाच बंद पडतं. घाईत असलेला माणूस तेवढ्यावर सोडून देतो. त्या सकाळी नीलेश घाईत असेल, रागात असेल. म्हणून एक राहू शकतो. दोन्ही नाही.

त्यांनी पुढच्याचे सुटे भाग थिनरच्या वाडग्यात टाकले. तासाभरानं टूथब्रशनं वाटी घासली. डिंक आधी पांढुरका झाला, मग मऊ, मग थिनरमध्ये चहासारखा उतरला. ज्यांतून पेट्रोल फवारतं त्या पितळी जेटची भोकं केसाएवढी. त्यांत सुई घालायची नाही, पितळ झिजून भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार घ्यायची. एकेक जेट त्यांनी उजेडात धरला, फुंकला, पुन्हा धरला. ठिपक्याएवढं आभाळ दिसेपर्यंत. हे काम त्यांनी जितकं सावकाश करता येईल तितकं सावकाश केलं.

मोतीबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यात बसल्या.

"ह्ये एवढं बारीक बारीक त्याला यायचं का वो?"

"यायचं की. माझ्यापेक्षा हात हलका त्याचा."

"मग तिकडं पण ह्येच करत आसंल," त्या म्हणाल्या. "आपल्या हातात कला हाय म्हटल्यावर मानूस उपाशी नाय मरत. नाय का?"

जमालभाईंनी बशी तोंडाला लावली.

गजा लांबून म्हणाला, "आये, चाचाला काम करू दे गं. तुझी सुरू झाली की दिवस मावळंल."

"तू गप रं. तुला खोल्यांची घाई." मग जमालभाईंकडं वळून, "याला सगळं पाडायची घाई आन् मला सगळं ठेवायची. आता म्या एकटी किती धरून ठेवू?"

दुपारी दोन वाजता जमालभाईंनी मागचा कार्बोरेटर इंजिनावरून उतरवला. एका गोणपाटावर तो ठेवला. चार स्क्रू. तिसरा गंजला होता, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकून थांबावं लागलं. झाकण निघालं.

वाटी अर्धी भरलेली होती. डिंक वर सुकून चिरला होता, खाली अजून चिवट. तरंगणारा पितळी डबा त्यात रुतून बसला होता, अगदी वरच्या पातळीला. म्हणजे वाटीत पेट्रोल काठोकाठ असताना जिथं असतो, तिथं.

स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी गोणपाटावर ठेवला.

"गजा. इकडं ये जरा."

गजा आला.

"दादा गेल्यावर या गाडीला हात कुणी लावला होता?"

"कोन लावनार? आई कुनाला फिरकू देती का?"

"बोनेट कुणी उघडलं होतं? नीट आठव. हा कॉक..."

"कॉक व्हय? त्यो म्याच बंद केला," गजा म्हणाला. "दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. पेट्रोलचा वास येत व्हता. वर माळ्यावर पेंढा भरल्याला, आन् बाबा हितंच बिडी वढायचे. म्हटलं, पेटलं तर घराला लागंल. का वो?"

जमालभाईंनी चिंधीला हात पुसले.

"का वो चाचा?"

"मी पोलिसांबरोबर आलो, तेव्हा तू कुठं होतास?"

"रसायनीला, कंपनीत. डबल ड्यूटी व्हती. आईनं सांगतलं नंतर, जमालचाचा बोलले तयारीनं गेलाय म्हनून."

तयारीनं गेलाय, एवढंच घरात पोचलं होतं. कशावरून ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्यामुळं चौदा वर्षांत एकदाही गजाला वाटलं नाही की आपण बंद केलेला कॉक कुणी वाचला असेल.

जमालभाईंनी त्याला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. गाडी बंद करताना नीलेशनं फक्त चावी फिरवली होती. दुपारच्या जेवणाला परत येणारा माणूस फिरवतो तशी. दोन्ही वाट्या भरलेल्या ठेवून तो आठवड्यासाठीसुद्धा गेला नसता.

गजाला कळायला वेळ लागला. मग तो खालीच बसला, गाडीच्या चाकाला टेकून.

"म्हंजी त्यो येनार व्हता."

"हो."

"आन् आला नाय."

"नाही."

घरातून भांड्यांचा आवाज येत होता. गजा दबक्या आवाजात म्हणाला, "चाचा, हे आईला बोलू नका. मागचा पन घासून टाका. गाडी चालू झाली की ती खूश, मग बगू."

जमालभाईंनी वाटीकडं पाहिलं. घासली की गाडी बहुतेक आजच सुरू झाली असती. मोतीबाईंच्या डोळ्यांसमोर ती स्वतःच्या ताकदीवर गोठ्याबाहेर आली असती. आणि त्या दिवशी तिचा मालक परत यायचा होता, हे दाखवणारी जगात उरलेली एकच गोष्ट थिनरच्या वाडग्यात चहासारखी उतरली असती. पुढची तर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलीच होती.

त्यांनी झाकण परत बसवलं, चारही स्क्रू लावले आणि कार्बोरेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला. मोतीबाईंना सांगितलं, "थोडं राहिलंय, वहिनी." मोतीबाई म्हणाल्या, "चौदा वरसं थांबलीय, अजून चार दिस थांबंल."

घरी हलिमानं सगळं ऐकून घेतलं. "आता सांगून तिला काय मिळणार?" ती म्हणाली. "या वयात तिच्या हातातलं तेवढंही काढून घेणार तुम्ही?"

"तिला काय मिळेल ते मला माहीत नाही. पण पोलिसांच्या कागदावर माझं नाव घालून खोटं लिहिलेलं आहे."

"खोटं कुठं? चुकलं तुमचं."

"चूक त्या दिवशी होती. आता मला माहीत आहे."

सोमवारी सकाळी साडेदहाला ते पोलीस ठाण्यात गेले. समोरचा हवालदार तिशीतला होता. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं, मग जमालभाईंकडं.

"काका, माणसाचा जबाब घेतो आम्ही. कार्बोरेटरचा कसा घेऊ?"

"माझा घ्या. जुना खोडा आणि नवा लिहा."

"जुना खोडता येत नाही. नवा जोडता येतो." त्यानं खुर्ची ओढली. लिहिताना त्यानं दोनदा थांबवून विचारलं, कॉक म्हणजे काय, आणि डिंक किती वर्षांत धरतो. नीट लिहून घेतलं. सही झाल्यावर म्हणाला, "चौदा वर्षांची फाईल आहे, काका. शोधावी लागेल. आणि समजा धरणात म्हणायचं तर... एवढ्या वर्षांनी काय सापडणार?"

"ते मला माहीत नाही."

"ही वस्तू आत्ता जमा करून घेता येणार नाही. साहेब ठरवतील. तोवर आहे तशी ठेवा."

तिथून ते रिक्षानं पळसदरीला गेले. मोतीबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. गजाची बायको संजना नळावर होती. तिनं पदरानं हात पुसले आणि काही न सांगता आत गेली. गजानं तिला सांगितलेलं दिसत होतं.

जमालभाई ओट्यावर बसले आणि सांगितलं. गजाला सांगितलं होतं त्याच क्रमानं: नियम, कॉक, वाट्या. गजाचं नाव आलं तिथं ते म्हणाले, "त्याची काही चूक नाही. त्यानं घर वाचवायला बंद केला. बघायचं काम माझं होतं."

सूप थांबलं नव्हतं.

"तवा तुमी बगितलं व्हतं ना?" मोतीबाईंनी विचारलं.

"वरवर बघितलं."

"वरवर."

"नमाजची वेळ झाली होती. चार स्क्रू होते, वहिनी. मी नाही उघडले."

मोतीबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग दुसरा. "दावा," त्या म्हणाल्या.

जमालभाईंनी पिशवी सोडली, स्क्रू काढले, झाकण उचललं. मोतीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, जवळ आल्या. उजव्या हाताचं बोट त्यांनी डिंकात दाबलं. वरचा पापुद्रा मोडला. बोट नाकाशी नेलं.

"ह्ये त्या दिसाचं?"

"त्याच दिवसाचं."

"त्यानं भरल्यालं."

"हो."

त्या तशाच उभ्या होत्या, बोट हवेत धरून, हात पुसायची आठवण नसल्यासारख्या. खालून रेल्वे गेल्याचा आवाज आला आणि विरला.

"सकाळी भाकरी टाकल्या व्हत्या म्या," त्या म्हणाल्या. "त्याच्या वाटच्या दोन झाकून ठिवल्या. सांच्याला ह्ये वरडले, गेला त्यो, कशाला झाकून ठेवतीस, कुत्र्याला घाल. म्या म्हटलं, येतो म्हनलाय. मग तुमी आलात आन् म्हनालात तयारीनं गेलाय. तवा मला वाटलं, माजंच चुकलं. भाकऱ्या उगा झाकल्या."

जमालभाईंनी सुटे स्क्रू तळहातावर गोळा केले.

"झाकन लावा," त्या म्हणाल्या, आणि परत सुपाशी जाऊन बसल्या.

त्यांनी झाकण लावलं. मोतीबाईंनी पिशवी त्यांच्याकडून मागून घेतली आणि आत नेली. मागचा कार्बोरेटर साफ करायचा की नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. नंतर गजानं एकदा विचारलं. त्या त्याच्याकडं न बघता गोठ्यात गेल्या आणि झेंडूच्या माळांचा चुरा टोपलीत भरत बसल्या.

गोठ्याचे तीन पत्रे काढून झाले होते, तिथंच काम थांबलं. गाडी आत आहे. बोनेट उघडं, एक कार्बोरेटर बसवलेला, स्वच्छ. दुसऱ्याच्या जागी दोन भोकं, त्यांत जमालभाईंनी चिंध्या कोंबल्या आहेत, किडामुंगी जाऊ नये म्हणून. मागचा कार्बोरेटर मोतीबाईंच्या घरात स्टीलच्या डब्यात आहे. त्या रोज काय करतात ते संजनानं जमालभाईंना फोनवर सांगितलं: काही करत नाहीत, डबा उघडत नाहीत, पण दुपारी दोन भाकऱ्या ताटाखाली झाकून ठेवायला लागल्या आहेत.

ठाण्यातून जमालभाईंना २८ मार्चला फोन आला. जुनी फाईल सापडली आहे, नवा जबाब तिला जोडला आहे, पुढचं साहेबांकडं. गावातले दोन-तीन जण, जे तेव्हा ट्यूबवर बसून शोधत होते आणि आता चाळिशीला आले आहेत, ते गजाला म्हणाले की मेअखेर धरणाचं पाणी सगळ्यांत खाली जातं, तेव्हा उतरून बघू. गजानं आईला विचारलं नाही. तिनं स्वतःच विचारलं, पाणी कितीवर आलं.

आज ११ एप्रिल. धरणाचं पाणी काठावरच्या घाटाच्या वरच्या पायरीपासून नऊ पायऱ्या खाली आहे.